उजवी तार

कुठल्याशा बंद पडलेल्या स्टेशनचा हा प्रोसेसर
सेकंडहँड आला, खोक्यात पेंढा भरून.
तासगावात, पतसंस्थेच्या माडीवर,
मीच तो रॅकमध्ये चढवला.
चार स्क्रू होते, एक बसला नाही.

आधी मी मांडवात भोंगे बांधायचो.
तिथं एकच सेटिंग: शेजारच्या गावाला ऐकू जातंय का.
इथं चिमटीएवढं बटण
आणि हिरव्या पडद्यावर एकच शब्द, इनपुट.
बटण फिरवलं तसा एकेक प्रश्न खाली उतरला.
अ‍ॅनालॉग का डिजिटल?
अ‍ॅनालॉग. डिजिटलची वायर आहे कुणाकडं?
लेव्हल किती?
शकिला मुलाणी बेदाण्याचे भाव वाचते
तेव्हा काटा जेमतेम जागा होतो,
आणि सौद्यातला रेकॉर्ड केलेला अडत्या ओरडला
की तांबड्यात जाऊन आपटतो.
दोघांच्या मधे कुठं तरी
एक आकडा धरायचा,
वर थोडी मोकळी जागा ठेवून,
दुधाच्या पातेल्यात ठेवतात तशी.

डावं-उजवं सारखं करायला दोन रात्री गेल्या.
तिसऱ्या रात्री
दोन्ही पट्ट्या एका उंचीवर नाचल्या
आणि मी मॅनेजरची सही घेतली.

अकराव्या दिवशी फोन.
कोल्ड स्टोरेजचा वॉचमन, मल्हारी कोळेकर:
"साहेब, गाण्यातली पेटी येतीया, झांज येतीया,
गाणारी बाईच येत न्हाई.
आन् भाव सांगणारी ताई?
सुट्टीवर हाय का?"
मी म्हणालो, सेल बदला.
"बदललं की. दोन डाव."

संध्याकाळी सव्वासातला त्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो.
एका स्पीकरचा सेट, ट्यूबच्या रबरानं आवळलेला.
जाहिरातीचं नुसतं टरफल वाजलं.
मग ताईची वेळ.
शब्दांच्या कडा तेवढ्या खुसखुसल्या,
कुणी बंद दाराआड कागद चाळावेत तशा.

हेडफोनमध्ये मला ती ऐकू येत होती ना.
जरा पोकळ, डोक्याच्या मागून.
मी समजलो, नव्या मशीनचा आवाज असाच असेल.
मल्हारीच्या सेटच्या पोटात
डावं-उजवं एक होतं,
आणि माझ्या हातून उजवं उलटं गेलेलं.
ती डाव्या तारेतून "एकशे ऐंशी" म्हणायची,
उजवी तार तेच एकशे ऐंशी
उलट्या पावलांनी घेऊन यायची.
खाली पतसंस्थेच्या वहीत असतं तसं,
जमेला जेवढं, नावे तेवढं.
बाकी निरंक.

मेनूच्या चौथ्या पानावर होती ती ओळ.
फेज, उजवी. सरळ का उलट.
एक घर बटण फिरवलं असतं तरी भागलं असतं.
कुणी विचारलंही नसतं.
मी प्लग उघडला.
दोन नंबरला तीनची तार, तीनला दोनची,
आणि डाग माझाच,
गोल, चकचकीत.
दिला त्या रात्री मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शकिलाला सांगितलं.
अकरा दिवस. साध्या रेडिओवर तू नव्हतीस.
कार, मोबाईल, तिथं होतीस, पण तिथं भाव कोण ऐकतंय.
पेनाचं टोपण दातात धरून ती गप्प.
मला वाटलं, आता रडते का काय.
"मंगळवार धरला त्यात?"
धरला.
"मग बरं झालं की ओ.
मंगळवारी काळ्या बेदाण्याला
मी हिरव्याचा भाव देऊन बसले होते.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही."
आणि तिनं माईक ओढून घेतला,
घसा खाकरला,
काटा जेमतेम जागा झाला.

सात वाजून सतरा मिनिटांनी
माझा मोबाईल दोनदा वाजून थांबला.
ठरलंच होतं आमचं.
एक रिंग म्हणजे अजून नुसती पेटी.
दोन म्हणजे ताई आली.